घसा शिकायचा कसा: आधी बोटांनी, मग शब्दांनी

नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस किंवा स्पीच थेरपीच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून आलेली मुलं घशाचा धडा उघडतात, तेव्हा फॅरिंक्स, लॅरिंक्स, क्रिकॉइड, अॅरिटिनॉइड अशी परकी नावं एकदम अंगावर येतात. मग घोकंपट्टी सुरू होते आणि परीक्षा झाली की सगळं वाहून जातं. घरात कुणाच्या घशाची दुर्बिणीतून तपासणी झाली की हातात रिपोर्ट घेऊन बसलेल्या नातेवाइकांचीही तीच गत. हा लेख या दोघांसाठी आहे. माझा आग्रह एवढाच, की नाव पाठ करायच्या आधी ती जागा स्वतःच्या गळ्यावर सापडली पाहिजे. जागा सापडली की ग्रीक आणि लॅटिन मुळं सोपी जातात, कारण ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनीही आधी वस्तू पाहिली आणि मग ती कशासारखी दिसते ते सांगितलं.

एक आरसा, मोबाइलचा टॉर्च, पेलाभर पाणी आणि वही घेऊन बसा. हात धुऊन घ्या.

पहिली पायरी: बाहेरून चाचपा

मान थोडी वर करा. दोन बोटं हनुवटीखाली ठेवून सावकाश खाली या. मऊ भाग संपून मान सुरू होते तिथे एक आडवं, टणक हाड लागतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ते हलकेच डावी-उजवीकडे हलवता येतं. हे हायॉइड. शरीरातलं दुसरं कुठलंही हाड याला सांध्याने जोडलेलं नाही, स्नायू आणि अस्थिबंध यांच्या आधाराने ते जिभेच्या मुळाशी टांगलेलं असतं. ग्रीक वर्णमालेत उप्सिलॉन नावाचं अक्षर आहे, वर तोंड उघडं असलेल्या वाटीसारखं. त्या अक्षरासारखं दिसतं म्हणून हायॉइड.

आणखी खाली या. पुढे आलेला कंठमणी लागेल. पुरुषांत तो चटकन सापडतो, कारण तिथे कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा लवचिक अशा कार्टिलेजच्या, दोन पट्ट्या साधारण काटकोनात मिळतात. बायकांत हा कोन 120 अंशांच्या आसपास, म्हणून उंचवटा कमी. ही थायरॉइड कूर्चा. ग्रीक सैनिकांची दाराएवढी लांब ढाल असे, तिला 'थिरेऑस' म्हणत, आणि त्या शब्दात 'थिरा' म्हणजे दार आहे. तेच मूळ आपल्या 'द्वार' आणि 'दार' या शब्दांचं. स्वरयंत्राच्या समोर उभी असलेली ढाल, असं एकदा डोळ्यांसमोर आणलं की नाव विसरत नाही.

कंठमण्यावर बोट ठेवून पाण्याचा घोट गिळा. तो वर उचलला जातो आणि परत खाली येतो. गिळताना सगळं स्वरयंत्र जिभेच्या मुळाखाली वर सरकतं, तेच हे.

आता बोट कंठमण्याखाली उतरवा. एक छोटी मऊ खाच लागेल आणि तिच्याखाली पुन्हा टणक कडं. ते कडं म्हणजे क्रिकॉइड; 'क्रिकोस' म्हणजे अंगठी. पुढून अरुंद आणि मागे रुंद, खड्याच्या अंगठीसारखंच. श्वसनमार्गात पूर्ण गोल असलेली कूर्चा ही एकच. त्याच्याखाली श्वासनळीच्या 16 ते 20 कड्या सुरू होतात, पण त्या मागच्या बाजूला उघड्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या. मागे अन्ननलिका चिकटून असते.

त्या मऊ खाचेवर बोट तसंच हलकं ठेवा आणि खर्जातल्या 'सा' या स्वरापासून वर चढत जा. आवाज तार सप्तकाकडे जाईल तशी खाच अरुंद होत गेलेली बोटाला कळते. क्रिकोथायरॉइड नावाचा स्नायू या दोन कूर्चा एकमेकींकडे ओढतो, त्यामुळे आतले स्वरतंतू ताणले जातात आणि स्वर चढतो. गाणाऱ्यांनी हे करून पाहावंच. क्रिको आणि थायरॉइड हे दोन्ही शब्द आता तुमच्या बोटाखाली आहेत, त्यामुळे स्नायूचं नाव वेगळं पाठ करायची गरज उरली नाही. श्वास पूर्ण अडकलेल्या माणसाला वरून नळी घालता येत नसेल, तर डॉक्टर याच खाचेतून छेद घेऊन हवेला वाट करून देतात. त्याला क्रिकोथायरॉइडोटॉमी म्हणतात.

एक ताकीद. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना जी नाडी लागते ती कॅरोटिड. ती दोन्हीकडून एकाच वेळी दाबायची नाही, वयस्कर माणसाची तर मुळीच नाही. 'कारोस' म्हणजे गुंगी. ही नाडी दाबली की माणूस गुंगतो हे ग्रीकांना ठाऊक होतं, आणि त्यावरूनच तिला नाव पडलं.

दुसरी पायरी: आरशात पाहा

टॉर्च तोंडात पडेल असा धरा, जीभ सैल सोडा आणि 'आ' म्हणा. टाळूचा पुढचा भाग कडक असतो, मागचा मऊ. या मऊ टाळूचं लॅटिन नाव 'व्हेलम', म्हणजे पडदा. मध्ये लोंबणारी पडजीभ म्हणजे 'युव्हुला'. लॅटिनमध्ये 'उवा' म्हणजे द्राक्ष आणि 'उव्हुला' म्हणजे छोटंसं द्राक्ष. शेवटचा 'उला' लक्षात ठेवा, तो लहानपणा दाखवतो. पुढे रिपोर्टात 'व्हॅलेक्युला' भेटेल. जिभेचं मूळ आणि एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडावरची झडप, यांच्या मधला हा खोलगट भाग, आणि शब्दाचा अर्थ छोटी दरी.

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कमानी आणि त्यांच्यामध्ये टॉन्सिल. लहान मुलांत ते मोठे असतात, वयाबरोबर आटतात. केवळ मोठे दिसतात म्हणून घाबरू नका. टॉन्सिल फक्त एवढेच नाहीत. नाकाच्या मागे अॅडेनॉइड, जिभेच्या मुळाशी आणखी एक पुंजका, कानाच्या नळीच्या तोंडाशी थोडे, असं मिळून एक कडं तयार होतं. जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायर यांच्या नावाने ते ओळखलं जातं. कमानींच्या पलीकडे दिसणारी लालसर भिंत म्हणजे घशाची मागची भिंत.

मऊ टाळूचं काम कळण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. 'म' गुणगुणत राहा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज बंद पडतो. आता 'आ' लावून नाक धरा. काही फरक पडत नाही. 'म' म्हणताना पडदा खाली असतो आणि हवा नाकातून जाते. 'आ' म्हणताना तो वर जाऊन नाकाची वाट बंद करतो. टाळू दुभंगलेलं बाळ दूध पिताना ते नाकातून का येतं आणि पुढे त्याचं बोलणं गेंगाणं का होतं, याचं उत्तर याच पडद्यात आहे.

लहान मुलाला अचानक जोराचा ताप आला, लाळ गळतेय, ते पुढे वाकून बसलंय आणि श्वास घेताना आवाज होतोय, तर मात्र त्याच्या घशात चमचा घालून पाहायचं नाही. तडक रुग्णालय गाठायचं. एपिग्लॉटिस सुजलेला असेल तर चाळवल्याने श्वास पूर्ण अडू शकतो. या आजाराच्या मुख्य जिवाणूवरची आणि घटसर्पावरची लस सरकारी लसीकरणातल्या पेंटाव्हॅलंट इंजेक्शनात एकत्र मिळते, ती चुकवू नका.

तिसरी पायरी: न दिसणारं डोळ्यांसमोर आणा

आपण मराठीत ज्याला ढोबळपणे घसा म्हणतो, त्यात वैद्यकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. फॅरिंक्स ही कवटीच्या तळापासून मानेच्या सहाव्या मणक्यापर्यंत उतरणारी साधारण 12 ते 14 सेंटिमीटरची स्नायूंची नळी. लॅरिंक्स म्हणजे तिच्या खालच्या भागासमोर बसलेलं स्वरयंत्र, नऊ कूर्चांचं. अन्न गिळताना दुखतं ते सहसा फॅरिंक्सचं दुखणं. आवाज बसला तर ते लॅरिंक्सचं.

फॅरिंक्सचे तीन भाग, वरून खाली: नाकामागचा नेझोफॅरिंक्स, तोंडामागचा ओरोफॅरिंक्स आणि स्वरयंत्रामागचा हायपोफॅरिंक्स. आरशात पाहिला तो फक्त मधला. लॅटिन 'नासुस' आणि आपली 'नासिका' सख्ख्या बहिणी, तर ग्रीक 'हिपो' म्हणजे खाली, संस्कृत 'उप'चा भाऊबंद.

स्वरयंत्राच्या तोंडावर एपिग्लॉटिस. 'एपि' म्हणजे वर आणि 'ग्लॉटिस' हा 'ग्लोट्टा', म्हणजे जीभ, यावरून आलेला शब्द. आज ग्लॉटिस म्हणजे दोन स्वरतंतू आणि त्यांच्यामधली फट. मागच्या बाजूला अॅरिटिनॉइड नावाच्या दोन छोट्या कूर्चा फिरतात आणि स्वरतंतू उघडतात, मिटतात. 'अरिटायना' म्हणजे पाणी काढायचं भांडं, आपल्याकडच्या ओगराळ्याच्या जातीचं.

गिळताना काय होतं ते क्रमाने पाहा. मऊ टाळू वर जातो, श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, एपिग्लॉटिस मागे कलतो, स्वरतंतू मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. जेवताना बोललं-हसलं की ठसका लागतो, कारण यातला एखादा दुवा उशिरा हलतो. पक्षाघात झालेल्या माणसात हे वारंवार घडतं, म्हणून तोंडाने खायला द्यायच्या आधी गिळण्याची तपासणी करतात. अशा माणसाला झोपवून पाणी पाजू नये.

या सगळ्यात हवेच्या नळीचं नाव मला फार आवडतं. 'ट्रॅकिया' म्हणजे खडबडीत. मूळ ग्रीक नाव होतं 'ट्राखेइया आर्तेरिया', खडबडीत धमनी. मेलेल्या जनावराच्या धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असा प्राचीनांचा समज होता. मग श्वासनळीही धमनीच, फक्त कड्यांमुळे खडबडीत. समज केव्हाच गेला, धमनी हा शब्द गळून पडला आणि नुसतं 'खडबडीत' उरलं.

चौथी पायरी: शब्द शेपटाकडून वाचा

आता वही उघडा. लांब वैद्यकीय शब्द दिसला की शेवटून सुरुवात करा. शेपटी सांगते काय झालंय किंवा काय केलंय, मधला भाग सांगतो कुठे, आणि पुढचा तुकडा सांगतो कोणत्या बाजूला किंवा कसं.

शेपट्या मोजक्याच आहेत. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. 'स्कोपी' म्हणजे पाहणं. 'टॉमी' म्हणजे छेद देणं. 'एक्टॉमी' म्हणजे छेद देऊन बाहेर काढणं, कारण त्यात 'एक्', म्हणजे बाहेर, दडलेला आहे. 'स्टॉमी'मध्ये 'स्टोमा' म्हणजे तोंड, नवं तोंड करून ते उघडं ठेवणं. म्हणून ट्रॅकिओटॉमी हा छेद, तर ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे त्या जागी ठेवलेली वाट, ज्यात नळी बसवतात. अशा रुग्णाला बोलता का येत नाही हे नातेवाईक हमखास विचारतात. हवा स्वरतंतूंच्या खालूनच बाहेर पडते, वर पोचतच नाही, म्हणून. स्वरतंतू मात्र शाबूत असू शकतात, हे त्यांना आवर्जून सांगा.

'ऑइड' म्हणजे सारखा. हायॉइड, थायरॉइड, क्रिकॉइड, अॅरिटिनॉइड, अॅडेनॉइड, सगळ्यांत तो आहे. अॅडेनॉइड म्हणजे ग्रंथीसारखा. थायरॉइड ग्रंथी मात्र स्वतः ढालीसारखी नाही. 1656 मध्ये इंग्लंडच्या थॉमस व्हार्टनने ती ढालकूर्चेजवळ आहे म्हणून तिला हे नाव दिलं. त्यामुळे 'थायरॉइड' वाचल्यावर कूर्चा की ग्रंथी, हे संदर्भावरून ठरवावं लागतं.

पुढच्या तुकड्यांत मराठी माणसाला घरचंच बरंच सापडतं. 'डिस' म्हणजे त्रासाचं, वाईट, आणि तो संस्कृत 'दुस्'चा भाऊ. दुर्गंध, दुष्काळ, डिस्फोनिया (आवाजाचा बिघाड), सगळ्यांत तोच सूर. 'पेरि' म्हणजे भोवती, आपला 'परि', परिसरातला. पेरिटॉन्सिलर म्हणजे टॉन्सिलच्या भोवतालचं. 'रेट्रो' लॅटिन, मागे. आणि 'जुग्युलर' शिरेत 'जुगुम' आहे, म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. संस्कृत 'युग' त्याच घरातला, आणि आपलं जूही तिथूनच आलं.

एक खोच लक्षात ठेवा. फॅरिंक्स आणि लॅरिंक्स यांतला शेवटचा 'क्स' जोडशब्दात टिकत नाही. ग्रीकमध्ये विभक्ती लागली की शब्द 'फारिंगोस', 'लारिंगोस' होतो, तो 'ग' तिथून येतो. पुढे 'ओ' आला तर उच्चार ग राहतो, लॅरिंगोस्कोपी. 'आय' आला तर ज होतो, फॅरिंजायटिस. पुष्कळ जण 'फॅरनिक्स' म्हणतात आणि लिहितातही. र नंतर इ, मग न, हा क्रम एकदा पक्का करा.

सर्वांत जास्त सावधपणा लागतो तो एकसारख्या ऐकू येणाऱ्या जोड्यांत. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास. 'फागेइन' म्हणजे खाणं, तेच अन्ननलिकेच्या 'इसोफेगस'मध्ये आहे. डिस्फेझिया म्हणजे मेंदूच्या बिघाडामुळे भाषा हरवणं. 'फासिस' म्हणजे बोलणं. आपल्या तोंडी हे दोन शब्द जवळजवळ एक होतात आणि पक्षाघाताच्या रुग्णात दोन्ही असू शकतात. ड्यूटी बदलताना फक्त तोंडी सांगून सोडू नका. मराठीत सरळ 'गिळता येत नाही' किंवा 'शब्द सापडत नाहीत' असं म्हणा, आणि लिहिताना स्पेलिंगमध्ये 'जी' आहे की 'एस' ते पाहा. दुखत असेल पण घास उतरत असेल तर तिसराच शब्द, ओडिनोफेजिया. 'ओडिने' म्हणजे वेदना.

आजारांच्या नावांनाही हेच लागू. डिप्थेरियात 'डिप्थेरा', म्हणजे कातडं. घटसर्पात घशात जो करडा, चिवट पापुद्रा धरतो त्यावरून फ्रान्सच्या ब्रेतोनोने 1826 मध्ये हे नाव रूढ केलं. स्ट्रेप्टोकॉकसमध्ये 'स्ट्रेप्टोस', पिळलेला, आणि 'कोकोस', दाणा. सूक्ष्मदर्शकातून मण्यांची साखळी दिसते. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे असते आणि तिला अँटिबायोटिक लागत नाही. पण स्ट्रेप्टोकॉकस असेल आणि उपचार अर्धवट राहिले, तर मुलांत पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेला कोर्स बरं वाटलं तरी पुरा करायचा तो यासाठी.

पाचवी पायरी: खरा रिपोर्ट उलगडा

स्वरतंतू जिवंत माणसात हलताना नीट पाहता येतात, हे जगाला पटवलं ते एका गायन शिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायकाने 1854 मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडून स्वतःचे स्वरतंतू पाहिले, आणि पुढच्या वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आज तेच काम नाकातून घातलेली लवचिक दुर्बीण करते. रिपोर्ट साधारण असा येतो: 'नेझोफॅरिंक्स नॉर्मल. व्हॅलेक्युला आणि पायरिफॉर्म फॉसा क्लिअर. पोस्टक्रिकॉइड एडिमा. राइट व्होकल कॉर्ड मोबाइल. लेफ्ट व्होकल कॉर्ड पाल्सी.'

तुकडे पाडा. नाकामागचा भाग ठीक. जिभेमागची छोटी दरी मोकळी. पायरिफॉर्ममध्ये 'पिरुम' म्हणजे नाशपती आणि फॉसा म्हणजे खड्डा, म्हणजे स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे नाशपतीच्या आकाराचे खळगेही मोकळे. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात ही ओळ आधी वाचा, कारण या खळग्यातली गाठ बराच काळ लक्षण न देता वाढू शकते. पोस्टक्रिकॉइड म्हणजे त्या अंगठीच्या मागचा भाग. एडिमा म्हणजे सूज, आणि तिथली सूज बऱ्याचदा पित्त वर येण्याशी जोडली जाते.

उजवा स्वरतंतू मोबाइल, म्हणजे हलता. उरली शेवटची ओळ. पाल्सी म्हणजे लुळेपणा: डावा स्वरतंतू हलत नाही, आणि घशात तर गाठ दिसत नाही. आवाज घोगरा झालाय, तीन आठवड्यांहून जास्त दिवस झालेत, आणि डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन लिहून दिलाय. तक्रार गळ्याची आणि तपासणी छातीची का, म्हणून घरचे वैतागतात. उत्तर नसेच्या नावात आहे. स्वरतंतू हलवणारी नस म्हणजे रिकरंट लॅरिंजियल. 'रे' म्हणजे मागे, 'कुर्रेरे' म्हणजे धावणं. ती व्हेगस या नसेची शाखा, आणि 'व्हेगस' म्हणजे भटक्या, कवटीतून निघून पोटापर्यंत भटकणारा. व्हेगस मानेतून खाली उतरते, आणि डाव्या बाजूची ही शाखा छातीत महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालून पुन्हा वर, स्वरयंत्राकडे परत धावते. उजवी मात्र मानेच्या तळाशीच, हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून परतते. त्यामुळे डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी किंवा महाधमनीजवळ गाठ, सूज वा फुगवटा असेल, तर त्याची पहिली खूण कधीकधी फक्त बसलेला आवाज असते. सीटी लिहून दिला असेल तर तो टाळू नका.